मावशीचा न दिसणारा परवाना

माझ्या सख्ख्या मावशीला स्वतःच्या माहेरी यायला व्हिसा लागतो.

सुलोचनामावशी मूळची आमच्या ब्रह्मपुरीची. नर्सिंग शिकली, सिंगापूरला दवाखान्यात नोकरी लागली, तिकडेच लग्न झालं आणि शेवटी ती तिकडचीच नागरिक झाली. बोली मात्र तिने इथलीच ठेवली. दर दोन-तीन वर्षांनी महिनाभर यायची, आल्या आल्या आईला वडाभात करायला लावायची आणि सिंगापूरला सगळं मिळतं पण हे मिळत नाही, असं म्हणत दोनदा वाढून घ्यायची.

माझं तहसील कचेरीसमोर झेरॉक्स आणि एसटीडीचं दुकान. सरकारी कागदाला माझ्याइतका मानणारा माणूस अख्ख्या तालुक्यात नसेल. (माझं पोट त्यावरच होतं, हा भाग वेगळा.)

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मावशी आमच्याकडे होती आणि एका दुपारी दुकानात सिडनीहून तिच्या मुलाचा, अनिलचा फोन आला. त्याच्या बायकोला दिवस गेले होते. बाळंतपणाला अजून अवकाश होता, म्हणून मावशी निवांत होती.

"दादा, मीनाला आजच भरती केलंय," अनिल म्हणाला. "डॉक्टर म्हणतात फार थांबता येणार नाही. आईला पाठव."

मी घरी पळालो. मावशीने ऐकून घेतलं आणि सरळ बॅग ओढली.

"मले गेलंच पाह्यजे. त्या पोरीले माय नाई. तिच्या उशाशी कोन बसन?"

तिकिटासाठी मी नागपूरच्या एजंटला फोन लावला. तो म्हणाला, "सिंगापूरचा पासपोर्ट आहे ना? मग ऑस्ट्रेलियाला व्हिसा नको. नवीन पद्धत आहे, इलेक्ट्रॉनिक परवाना. मी इथूनच काढतो. पासपोर्टचा नंबर सांगा."

मावशी घरी बॅग भरत होती. तिची पर्स तिने विश्वासाने माझ्याकडे दिली होती. पर्समध्ये रबर लावलेले दोन पासपोर्ट होते. एक पातळ, कोरा. दुसरा जाडजूड, पानापानावर शिक्के, आत भारताचा व्हिसा. इतकी वर्षं कागद हाताळल्यावर कोणता खरा हे मला विचारायची गरज नव्हती. जाडजूड उघडला आणि नंबर वाचून दाखवला. दोनदा. उच्चार अगदी स्पष्ट होते.

थोड्या वेळात एजंटचा फोन आला. "झाला परवाना."

"घ्यायला कधी येऊ?"

"काय घ्यायला?"

"परवाना."

"तो कंप्युटरमध्ये आहे."

"कोणाच्या?"

"त्यांच्या."

"मग आमच्या हातात काय?"

"काहीच नाही. तेच तर सोपं आहे."

घरी हे सांगितल्यावर आई खालीच बसली. "कागद नाई, शिक्का नाई, अन् सुली विमानात बसून जाऊन राह्यली? खाली उतरवून देतीन ना तिले."

"बाई, आता असंच असते," मावशी म्हणाली. पण तिचाही आवाज जरा पडला होता.

मग मी मनावर घेतलं. दोन्ही पासपोर्टांच्या, तिकिटाच्या, मावशीच्या नर्सिंगच्या प्रमाणपत्राच्या आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या प्रती काढल्या. साक्षांकनाला कॉलेजच्या प्राचार्यांकडे नेल्या.

"हे कशासाठी?" त्यांनी विचारलं.

"परदेशात लागतात सर."

"काय करायला?"

"ते तिकडे गेल्यावर कळेल."

प्राचार्यांनी सह्या केल्या. सही करणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. मी सगळं फायलीत लावलं, वर मावशीचा फोटो चिकटवला आणि आईला दाखवलं. आई म्हणाली, "आता कसं कागदावानी वाटते." त्या रात्री घरात सगळे झोपले.

मावशीला पोचवायला मीच मुंबईपर्यंत गेलो. विमानतळावर तिला आत सोडलं, मला नाही. मी काचेबाहेर उभा राहिलो. आत काउंटरवरची मुलगी मावशीचा पातळ पासपोर्ट हातात घेऊन कंप्युटरमध्ये बघत होती. बराच वेळ बघत होती. मग तिने नकारार्थी मान हलवली.

मावशी दाराशी आली. मधे पहारेकरी, पलीकडे ती.

"पर्भाकर, ते पोरगी म्हनते परवाना नाई."

"फाइल दाखव."

"दाखवली. हासली ते."

"मावशी, नंबर तर मी नीट सांगितला होता. जाड्या पासपोर्टचा."

मावशी माझ्याकडे बघतच राहिली. "अरे, तो त संपला. त्यात इथला व्हिसा बाकी हाय म्हनून संग ठेवतो मी. मले काऊन नाई इचारलं?"

तिकडे मीना दवाखान्यात एकटी पडली होती आणि इथे मी, एका बाद झालेल्या पासपोर्टाला ऑस्ट्रेलियाला जायची परवानगी मिळवून दिली होती. पहारेकरीसुद्धा माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत होता.

मावशी परत आत गेली. त्या मुलीने पातळ पासपोर्टच्या नंबरवर तिथेच नवा परवाना मागितला, काहीबाही टाइप केलं आणि मान डोलावली. मी बाहेर घेतलेला चहा अजून निवलाही नव्हता. मावशी पुन्हा दाराशी आली तेव्हा तिच्या हातात बोर्डिंग पास होता.

"झालं?" मी विचारलं.

"झालं."

ती निघेल असं मला वाटलं, पण ती तिथेच थांबली. जाडा पासपोर्ट उघडून तिने भारताच्या व्हिसाचं पान माझ्यासमोर धरलं.

"या पानासाठी मी किती चकरा मारल्या, तुले मालूम हाय? रांगेत उभी राह्यले, फोटो देल्ले, अर्ज परत भरला. कायले जाता, कोनाकडे जाता, कुठी राहता. म्या लिहिलं, बहिनीकडे. आता जिथी मले कुत्रं ओळखत नाई, त्याईनं माह्यं तोंड न पाह्यता हो म्हनलं."

"वाईट वाटतं का मावशी?"

तिने जरा विचार केला. "वाईट नाई रे. तिकडचं होनं माह्यं मीच ठरवलं. पन मी इथली पाहुनी हाय, हे दरवेळी लिवून द्या लागते ना, तवा हात थांबते."

पहारेकऱ्याने नजर दुसरीकडे वळवली. मग मावशीनेच माझ्या हातावर थाप मारली आणि गेली.

ती पोचली तेव्हा मीना अजून बाळंत झाली नव्हती. रात्रभर मावशी तिच्या उशाशी बसली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. दुकानातल्या फोनवर आई ऐकताना रडली, आणि रडता रडता तिने पहिला प्रश्न विचारला, "परवाना कोनी पाह्यला का?"

"कोनी नाई बाई," मावशी म्हणाली. "फाइलबी कोनी मांगतली नाई. विमानात झोप येत नव्हती, त मीच वाचली. प्राचार्याची सही लय सुंदर हाय."

पुढच्या वर्षी मावशी सिडनीलाच होती आणि नातीला बघायला तिने मला बोलावलं. मी पहिल्यांदा पासपोर्ट काढला आणि मोठ्या ऐटीत एजंटला सांगितलं, "तो इलेक्ट्रॉनिक परवाना काढून टाका."

"तो तुमच्या पासपोर्टला नाही मिळत," एजंट म्हणाला. "तुम्हाला पूर्ण व्हिसा. दुकानाचे कागद, घराचे कागद, बोलावणाऱ्याचं पत्र, सगळ्याच्या प्रती लागतील."

खोटं कशाला सांगू, मला आनंदच झाला. माझी कदर करणारा देश अखेर भेटला होता. दोन दिवस दुकान गिऱ्हाइकांसाठी बंद ठेवून मी प्रती काढल्या, क्रमाने लावल्या, साक्षांकित केल्या आणि भलामोठा गठ्ठा दूतावासाला पाठवला.

अर्ज परत आला. सोबत एकच ओळ होती: मूळ पासपोर्ट जोडलेला नाही.

मी त्याचीही झेरॉक्सच पाठवली होती.