पडद्याचं मशीन

नांदेडला देगलूर नाक्याजवळ लग्नाची शूटिंग करणारी चार-पाच दुकानं आहेत आणि त्यांच्या मालकांबद्दल फरीदाचं एकच मत होतं: सगळे अकलेचे कांदे. त्यांत पहिला नंबर तिच्या धाकट्या भावाचा, मुज्तबाचा. ड्रोन उडवता आला की आपण मोठे कलाकार झालो असं समजणारा आणि नवरदेव गाडीतून उतरला की त्याच्या मागं आगीचे लोळ दाखवणारा हा माणूस. दुकानावर त्याच्या नावाची हात-हात उंच अक्षरं होती. फरीदाचं नाव कुठंच नव्हतं, पण अर्धं काम तिच्यामुळं यायचं.

कारण जी घरं पडदा पाळतात, ती मेहंदी-हळदीचं शूटिंग पुरुषाच्या हाती देत नाहीत. त्या दिवशी बायकांचे दुपट्टे डोक्यावरून उतरलेले असतात, म्हाताऱ्यासुद्धा नाचतात. हे शूटिंग बाईनंच करायचं आणि ते एडिटही बाईनंच करायचं, असा कडक रिवाज. नवरा वारल्यावर माहेरी आलेली, बी.एस्सी. कॉम्प्युटर झालेली फरीदा दोन्ही करायची. नाचणाऱ्यांनाही ती मनातल्या मनात नावं ठेवायची. कोणाला ताल नाही, कोणाला वयाचं भान नाही. पण प्रत्येक घरात ती छातीला हात लावून सांगायची, "माझ्या मशीनला माझ्याशिवाय कोणाचा हात लागत न्हाई." बायका त्या एका वाक्यावर विश्वास ठेवून तिला घरात घ्यायच्या. तिच्या मालकीचं जगात काही असेल तर ते हे वाक्य होतं.

एडिटिंगला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं. मुज्तबानं एकच घेतलं आणि स्वतःच्या कॉम्प्युटरला लावून मोकळा झाला. म्हणाला, "बायकांच्या व्हिडिओला कार्ड कशाला लागतंय, आपा?" फरीदानं त्याच्या तोंडाला लागण्यात वेळ घालवला नाही. तिनं कार्ड काढून घर आणि दुकान यांच्या मधल्या खोलीतल्या मोठ्या कॉम्प्युटरमध्ये बसवलं आणि त्या एका कॉम्प्युटरच्या पोटात दोन कॉम्प्युटर उभे केले. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना. एक भावाचं, एक तिचं. दोघांच्या फायली वेगळ्या, एकातून दुसऱ्यातलं दिसत नाही, कार्ड मात्र दोघांत अर्धं अर्धं. समोरच्या गल्लीतला अनिमेष पुण्याच्या नोकरीतून सुट्टीवर आला होता. तो येऊन सांगून गेला की घरगुती कार्डाचे असे वाटे होत नाहीत, कंपन्यांच्या महागड्या कार्डांचेच होतात. इंटरनेटवरची चार वाक्यं वाचून दुसऱ्याच्या घरी शहाणपण शिकवायला येणाऱ्या त्या पोराला तिनं चहा पाजला आणि सतराव्या दिवशी वाटे करून दाखवले.

सगळं सुरळीत झाल्यावर मुज्तबानं हात पुढं केला. "पूर्ण मशीनचा पासवर्ड दे. दुकान माझं हाय. उद्या तू कुठं गेलीस तर मी काय करू?"

अम्मी बाजूला बसून त्याच्याच बोलण्यावर मान डोलावत होत्या. त्या पासवर्डनं दोघांचीही मशीनं उघडायची, तरी घरात कटकट नको म्हणून फरीदानं तो चिठ्ठीवर लिहून दिला. मनात म्हणाली, ह्या ठोंब्याला त्याचं करायचं काय हे जन्मात कळायचं नाही. ती चिठ्ठी चार वर्षं त्याच्या ड्रॉवरला आतून चिकटवलेली होती.

यंदा औशाच्या सबिहाखालांच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग तिनं केलं. सबिहाखाला म्हणजे उर्दू शाळेच्या हेडमास्तरीण, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी फरीदाला तीनदा विचारलं, "नक्की ना, बेटी?" आणि फरीदानं तीनदा छातीला हात लावला.

आठवड्याभरानं फरीदा दवाखान्यात अम्मीच्या डोळ्यांसाठी गेली असताना मुज्तबाला कार्डाचा आपला वाटा वाढवायची हौस आली. त्यानं काहीतरी दाबलं आणि त्याचं मशीन बंदच पडलं. मग ह्या महाशयांनी डोकं चालवलं. आपाचं मशीन तर छान चालतंय, मग त्याचीच नक्कल काढू. चिठ्ठी काढली, पासवर्ड टाकला, फरीदाच्या मशीनची हुबेहूब नक्कल चढवायला लावली आणि जेवून झोपला. नक्कल काढली की आतल्या सगळ्या फायलीही तिच्यात येतात, एवढं साधं त्याच्या ध्यानात आलं नाही.

संध्याकाळी फरीदा दुकानात शिरली. मुज्तबानं मोठ्या पडद्याकडं बोट केलं. "बघ आपा, मी पण जमवलं! तुला वाटतं मला काहीच येत न्हाई."

पडद्यावर सबिहाखालांची मुलगी होती. मोकळे केस, गालाला हळद, हसत हसत मैत्रिणीच्या अंगावर रेललेली. बाकावर दोन पुरुष गिऱ्हाईकं चहा पीत बघत बसली होती.

फरीदानं मागची वायरच उपटली.

"अगं, कार्ड जळलं असतं!" मुज्तबा ओरडला. गिऱ्हाईकं गेल्यावर म्हणाला, "कोण ओळखतंय तिला इथं? पुसून टाक की. औशापर्यंत कोण सांगायला जातंय?"

फरीदाला त्याची किळस आली. तिनं नक्कल पुसली, पासवर्ड बदलला आणि दुसऱ्या दिवशी लग्नाची डिस्क पर्समध्ये घालून लातूरमार्गे औशाला गेली. सबिहाखालांपुढं तिनं सगळं सांगितलं. कार्ड, नक्कल, बाकावरची दोन माणसं, भावाचं डोकं. भावाबद्दल जरा जास्तच सांगितलं.

सबिहाखालांनी ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही. "एक सांग बेटी. पासवर्ड त्याच्याकडं कधी गेला?"

'परवा' असं म्हणता आलं असतं. खालांना त्यातलं काय कळणार होतं? फरीदाच्या जिभेवर तो शब्द आलाही.

"पहिल्या दिवसापासून. चार वर्षं झाली," ती म्हणाली.

"मग त्याची चूक एका दिवसाची हाय," सबिहाखाला म्हणाल्या. "तू तर चार वर्षं खोटं बोलून राहिली." त्यांनी डिस्क उचलली, कपाटात ठेवली आणि किल्ली फिरवली. फरीदाला जा म्हणाल्या नाहीत, पण बसही म्हणाल्या नाहीत.

परतीच्या बसमध्ये फरीदा घरं मोजत होती. मेहंदीची, हळदीची, छातीला हात लावलेली घरं. एकसष्टपर्यंत मोजून झाली तेव्हा मुज्तबाचा फोन आला. "आपा, मशीन चालू होईना. पासवर्ड काय ठेवलास?"

'ठोंब्या' हा रोजचा शब्द फरीदाच्या तोंडापर्यंत आला. पण तो त्याला लावायचा की स्वतःला, हे तिला ठरवता येईना. तिनं फोन बंद केला आणि पहिलं घर कुठलं होतं ते आठवू लागली.