मुंडकं नसलेला काका

१९७५ साल होतं, मी बत्तीस वर्षांचा होतो, आणि त्या वर्षी माझ्या धाकट्या भावाच्या बायकोने मला मुंडक्याशिवाय काढलं. सुलू तिचं नाव. गेल्या महिन्यात ती वारली. पुतणीने फोनवर सांगितलं, "काका, आई गेली." मी "येतो" म्हटलं आणि फोन ठेवला. माझा भाऊ विठ्ठल आधीच गेलेला, त्यामुळे भांडायला माझ्या वयाचं आता कोणी उरलं नाही. तेराव्याला माणसं बोलायला उभी राहिली. फार सोशीक होती, नुसती गरीब गाय होती... मी मागे बसून दातओठ खात होतो. गाय म्हणे! तिने माझा काय अपमान केला आणि मी त्याचं काय केलं, हे त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नाही. म्हणून लिहितो. तिसरीत शाळा सुटली, चुकलं तर चुकलं.

आमचं घर नारपोलीत, खाली लूम, म्हणजे कापडाचे माग, वर आम्ही. लग्नानंतर विठ्ठल चार वर्षं एकत्र राहिला आणि मग बायकोला घेऊन टेमघरला वेगळा झाला. आय माझ्याकडेच राहिली. मी ते विसरलो नाही, विसरणं माझ्यात नाहीच. सुलू सातवी शिकलेली, टेमघरला बालवाडी चालवायची. दुसऱ्या वेळी तिला दिवस गेले तेव्हा थोरला बंड्या चार वर्षांचा. बाळ आलं की विहिरीत टाकीन, असं तो गल्लीभर सांगत फिरायचा. बालवाडीत बाळाच्या स्वागताचं एक छापील चित्रांचं पुस्तक होतं, ते तिने त्याला दाखवलं. त्यातलं बाळ गोरंपान, लोखंडी खाटेत झोपलेलं, बाप टाय लावलेला. बंड्या म्हणाला, "ह्ये आपलं बाळ न्हाय." मग सुलूने स्वतःच पुस्तक करायला घेतलं. सुताच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले, लूमच्याच सुताने शिवले आणि रंगीत खडूंनी आमच्याच घरातली माणसं काढली.

मुलगी झाली. बारशाला पाळणा आमचा, माझ्या आज्याने करून घेतलेला, सागवानी. थोरला म्हणून मी स्वतः तो खांद्यावरून नेला. आत्याने कानात नाव सांगितलं, घुगऱ्या वाटल्या, आणि बंड्या पुस्तक घेऊन माणसांतून फिरायला लागला. आजी बाळाला तेल लावते. बाबा शिफ्टवरून येतो, डोक्यात कापूस. काकू लाडू वळते, तिचं नाक अगदी तिच्यासारखं बसकं. मग माझं पान आलं. दारात दोन चपला, त्यात पाय, वर गुडघ्यापर्यंत पायजमा... आणि तिथे पान संपलं.

"काकाचं मुंडकं कुठाय रे?" सुलूचा भाऊ ओरडला.

"काका एवढाच हाय," बंड्या म्हणाला.

सगळं बारसं हसलं. माझी बायकोही हसली, आणि ते मी तिला पुढे जन्मभर ऐकवलं.

मी उठलो. "विठ्या, पोर बाहेर काढ."

"दादा, अरे लहान पोराचा खेळ..."

"पोर काढ. पाळणा माझा हाय."

त्याने लेकीला उचललं. मी दोऱ्या सोडल्या, पाळणा खांद्यावर टाकला आणि भर दुपारी नारपोलीपर्यंत चालत आलो. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, मी तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हलवत आणला. पुन्हा कधी दिला नाही. पोर लुगड्याच्या झोळीत वाढली. पाळणा अजून माझ्याकडे आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही.

संध्याकाळी आय बारशाहून परत आली. मी म्हटलं, "तिने मला मेल्यात धरलं. माझं तोंड नको तिला घरात."

"तुजं तोंड तिनं पायलंय कवा?" आय म्हणाली.

नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा. भासऱ्यासमोर सुनेने पदर ओढायचा, नजर खाली ठेवायची, हा आमच्याकडचा रिवाज, आणि सुलू घरात आली त्याच दिवशी आयनेच तिला तो बजावला होता. चार वर्षं एका छपराखाली तिने माझ्यापुढे ताट सरकवलं, पाण्याचा तांब्या ठेवला, पण पदर हनुवटीच्या वर गेला नाही.

"तिला तुजं पायच म्हायती," आय म्हणाली. "जेवडं पायलं तेवडं काडलं पोरीनं."

माझा राग गेला असं कोणी समजू नये. राग दुप्पट झाला. म्हणजे इतकी वर्षं त्या घरात मी नुसत्या चपला होतो! आणि विठ्ठलला बायकोजवळ बसून एवढंही सांगता आलं नाही, की माझ्या भावाचं नाक असं आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीला दांडी मारली, दाढी केली आणि टेमघर गाठलं. विठ्ठल दारात आडवा आला. "दादा, आता काय न्यायला आलास?"

"बाजूला हो."

बाळंतिणीच्या खाटेसमोर मी मांडी घालून बसलो. सुलूने झटकन पदर ओढला.

"पदर वर कर," मी म्हटलं. "माझ्याकडे बघ, आणि काढ मला."

"अवो, सासूबाई काय म्हणतील?" हे तिने नवऱ्याला विचारलं, मला नव्हे.

"आयला मी बघतो," मी म्हटलं.

तिने पदर सारला. मला वाटलं होतं, लाजेल, दोन रेघा मारील, डोळे खाली घालील, आणि तोच माझा सूड. पण ती बघायला लागली ती बघतच राहिली. पुस्तकातल्या माझ्या पानाच्या वरच्या कडेला कागद चिकटवला. मान काढली, हनुवटी काढली, नाक काढलं... आणि मग वण. लहानपणी मला देवी आल्या होत्या, दोन्ही गाल वणांनी भरलेले.

"अगं, ते राहू दे," विठ्ठल पुटपुटला.

तिने एक वण सोडला नाही. पाळण्याचा सूड चालला होता, मला कळत होतं, आणि मी जागचा हललो नाही. शेवटी तिने पुस्तक माझ्यापुढे धरलं.

"कान लहान काढलेस," मी म्हटलं.

"कान तेवढेच हायेत, दादा." थेट मला, डोळ्याला डोळा भिडवून.

मी विठ्ठलकडे वळलो. "बघतोस काय? चहा टाक. हिलापण दे." आणि माझी शिफ्ट सुटायची वेळ होईपर्यंत मी तिथून उठलो नाही.