बापूराव पाण्याचा रंग शिकतात

किस्से जमवावे लागत नाहीत. रंगाच्या दुकानातल्या स्टुलावर जसे थर चढतात, तसे ते आपोआप चढतात. बसताना कळत नाही, उठल्यावर पँटला लागलेले दिसतात.

मी हातमाग सोडून इतवारीत बापूराव पेंटरच्या दुकानात लागलो. पाट्या रंगवायच्या आणि फोटोवरून माणसांची चित्रं काढायची, हे आमचं काम. सगळं तेलरंगात.

*

बापूरावांचा खोकला वाढला, म्हणून मी त्यांना धंतोलीत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "टरपेंटाइन छातीत गेलंय. ते सोडा, नाहीतर ब्रश सोडा."

बापूरावांनी खिशातला ब्रश चाचपला. मग म्हणाले, "डॉक्टरसाहेब, त्याच्या बदल्यात बिडी सोडली तर?"

बापूराव जन्मात कधी बिडी प्यायले नव्हते.

*

मग मुंबईहून अॅक्रेलिकच्या ट्यूबा मागवल्या. पाण्यात कालवायचा रंग, टरपेंटाइनचं काम नाही. बापूरावांनी ट्यूब हुंगली. "वासच नाही गा. हा रंग होय की दही?"

तेलरंगाच्या सवयीनं ब्रश तसाच ठेवून ते जेवायला बसले. हात धुऊन आले तर ब्रश लाकडासारखा कडक.

त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि माझ्याकडे दिला. "घे, पाठ खाजवाले होईल."

*

मे महिन्यात तर रंग ताटलीतून बोर्डापर्यंत पोचायच्या आत वाळायचा. शेवटी आम्ही दुकानातला एकुलता एक कूलर ताटलीकडे वळवला, ताटलीवर ओलं फडकं टाकलं आणि आम्ही दोघं घामात बसलो.

एक गिऱ्हाईक दारातच थबकलं. "कोण बीमार हाये, बापूराव?"

"पांढरा," बापूराव हळूच म्हणाले. "दुपारी लय त्रास होते त्याले."

*

एका मिठाईवाल्याच्या जुन्या तेलरंगाच्या पाटीवरच आम्ही नव्या रंगानं नाव लिहिलं. आठवड्यानं तो कागदात काहीतरी गुंडाळून घेऊन आला.

"तुमची अक्षरं आणली. माह्या पाटीवर राहून नाही राहिली."

खरंच, सालं निघावीत तशी अख्खी अक्षरं निघाली होती. तेलकट पाटी आधी घासून घ्यायची असते, हे आम्हाला कुठं ठाऊक!

तो गेल्यावर बापूराव हसले नाहीत. म्हणाले, "दिवाळीपर्यंत पाहू. नाही जमलं तर दुकान बंद."

मी ताटली धुवायला नळावर गेलो. तिथं जरा जास्तच वेळ लावला.

*

दिवाळीला चार दिवस होते. बापूरावांची बायको, म्हणजे आमच्या काकी, डबा घेऊन दुकानात आल्या. टरपेंटाइनच्या वासामुळं तीस वर्षांत त्या पायरी चढल्या नव्हत्या.

"बंदच करून राहिले, तर एकडाव पाहून घ्यावं म्हटलं."

बापूरावांनी त्यांना स्टुलावर बसवलं, बोर्ड लावला आणि चेहरा काढायला घेतला.

"हालू नको वं."

"तीस वर्षं तुमच्या घरातून हालली नाही. आता कुठं जाऊ?"

तासाभरात चेहरा झाला. काकी पुढं आल्या आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "मी कधी एवढी गोरी होती जी? कोणाची बायको काढली?"

"दहा मिनिटं बस," बापूराव म्हणाले.

हा रंग ओला असताना उजळ दिसतो आणि वाळला की गडद होतो. किती, त्याचा अंदाज आम्हाला लागत नव्हता. आमची सगळी माणसं वाळल्यावर उन्हात करपल्यासारखी दिसायची.

डबा खाता खाता आम्ही तिघं बघत राहिलो. आधी कपाळ उतरलं, मग गाल. उतरत उतरत रंग काकींच्या रंगावर आला आणि तिथंच थांबला.

काकींनी चित्रातल्या हनुवटीवरच्या तिळाला हळूच बोट लावलं. बोटाला काही आलं नाही. मग त्यांनी आपल्या हनुवटीला तेच बोट लावलं.

बापूराव ब्रश धुवायला लागले. काकींनी रिकामा डबा पिशवीत घातला आणि पायरी उतरता उतरता मागं न बघता विचारलं,

"उद्या डबा किती वाजता आणू?"