चुलीकडचं नागपूर

बाबा गेले त्या दिवसांत मला काहीच वाटलं नाही. लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. अग्नी दिला, डोकं भादरलं, तेराव्या दिवशी गावजेवण घातलं, आणि या सगळ्यात हजर असूनही मी कुठंच नव्हतो. दात उपटायच्या आधी डॉक्टर हिरडीत सुई टोचतो आणि मग आपलाच गाल आपल्याला परका वाटतो, तसं काहीतरी. लोक खांद्यावर हात ठेवून दोन शब्द बोलायचे. मी मान हलवायचो आणि मनात म्हणायचो, यांची पंगत झाली की राहिली?

आमचं घर नवेगाव बांध या गावी. मी मात्र तीस वर्षं गोंदियात राहतो, तिथं माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. आता रेडिओ कोणी आणत नाही. इंडक्शनच्या शेगड्या येतात, मिक्सर येतात, पाण्याची मोटर येते. पाटीवर 'रेडिओ' हा शब्द अजून आहे, कारण पाटी बदलायचा मला कंटाळा आहे.

घरचा रेडिओ जुना, व्हॉल्व्हचा, लाकडी पेटीचा. बटन दाबलं की मिनिटभर गरम होत बसतो आणि मग बोलतो. तेरवीच्या गर्दीत कोणीतरी त्याचा कान पिळला आणि आतला दोरा तुटला. स्टेशन लावायचं बटन फुकट फिरायला लागलं, काटा जागच्या जागी. कोणी पिळला ते शेवटपर्यंत कळलं नाही. पाहुण्यांच्या हाताला असली खाज असतेच.

पाहुणे गेले. माय राहिली आणि मी. मायला काचबिंदूनं फार दिसत नाही, उजेड-अंधार कळतो आणि समोर माणूस उभा आहे एवढं कळतं. बाबा गेल्यापासून ती रडली नव्हती, बोलतही नव्हती. ताट पुढं ठेवलं की दोन घास खायची आणि ताट सरकवायची. गोंदियाला चल म्हटलं की तोंड फिरवायची. मला खरी भीती तिचीच होती. बापामागं सहा महिन्यांत आईही गेली, अशी घरं आमच्या गावात मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत.

चौदाव्या दिवशी ती आपणहून बोलली. "रेडिओ तेवढा लावून दे." बस, एवढंच. तेरा दिवसांत तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट.

मी पेटी ओसरीत उजेडाला आणली आणि मागचा पुठ्ठा काढला. आत बाबांनी स्वतः बसवलेला दोरा होता, तळ्यावरच्या ढिवराकडून आणलेला जाळ्याचा पिळाचा दोरा. बटनाच्या दांड्याला त्याचे तीन वेढे अजून तसेच होते. उलटे वेढे. बटन उजवीकडे फिरवलं की काटा डावीकडे पळणार, असे.

ते बघून मला आठवलं. दहा-बारा वर्षं झाली असतील, पोळ्याला मी घरी आलो होतो आणि बाबांनी नुकताच तो दोरा बसवला होता. मी बटन फिरवलं, काटा उलटा पळाला. मी चार लोकांसमोर हसलो. "बाबा, पोरगा मेकॅनिक आणि तुम्ही वेढे उलटे मारून राहिले? विचारायचं तरी होतं." लोकही हसले. बाबांनी विडी पेटवली आणि बोडीवर, शेतातल्या तळ्यावर, पाणी बघायला निघून गेले. मी तो दोरा नीट करून देतो म्हटलं होतं, पण केला नाही. दर खेपेला घाईत असायचो.

आता घाई नव्हती. मी तसाच दोरा मागून आणला, लाखेच्या पाण्यात बुडवून वाळवला, म्हणजे तो घसरत नाही. हे काम किचकट असतं. एक टोक मोठ्या चकरीतल्या स्प्रिंगला अडकवायचं, मग पुलीवरून घेत दांड्याला तीन वेढे द्यायचे, दुसऱ्या पुलीवरून परत चकरीवर आणायचं, आणि हे सगळं होईपर्यंत कुठंही ढील पडू द्यायची नाही. एक बोट चुकलं की सगळं सुटून मांडीवर. माझं चार वेळा सुटलं. पाचव्यांदा बसलं. वेढे सरळ घातले, जसे असायला पाहिजेत तसे. काटा अडकवला, रेडिओ पुन्हा भिंतीवरच्या फळीवर ठेवला. बटन फिरवलं, नागपूर लागलं, पुढं रायपूर लागलं, काटा छापील आकड्यांवरून शहाण्यासारखा चालला. मनात एवढंच आलं, चला, एक काम संपलं.

"झाला माय," मी म्हटलं.

"बरं झालं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी गोंदियाला आलो आणि दुकान उघडलं. रोज संध्याकाळी फोन करायचो. जेवली का, हो. रेडिओ चालू आहे ना, हो. मला बरं वाटायचं. बरं म्हणजे काय, फोन ठेवायला मोकळा व्हायचो.

रविवारी गावी गेलो तर शेजारची काकू फाटकातच भेटली. तिच्याकडं मी मायचं एका वेळचं जेवण लावून दिलं होतं. म्हणाली, "तुझी माय डबा तसाच परत करून राहिली. अन् रेडिओचा आवाज नाही तुमच्या घरातून. पहिले दुपारी आमच्या इथवर यायचा."

मला राग आला. आधी काकूचा, की फोन का केला नाही. मग मायचा, की खोटं का बोलली. आत गेलो तर ती फळीसमोर पाट घेऊन बसली होती. रेडिओ बंद.

"बिघडला काय?" मी विचारलं.

"नाही."

"मंग लावत काऊन नाही?"

ती म्हणाली, "नागपूर नाही लागत. बंद झालं असंल. तो गेला, तेबी गेलं." आणि पदरानं फळीवरची धूळ पुसायला लागली. "तू दिवसभर बसून केलं. तुले कायले सांगू?"

सात दिवस. सात दिवस ती त्या पेटीसमोर बसली होती आणि नवऱ्याबरोबर नागपूरही गेलं असं धरून चालली होती. डबा का परत जात होता ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

"माय, बंद नाही झालं. लावून दाखव मले," मी म्हटलं.

तिनं बटन दाबलं. रेडिओ गरम झाला. मग तिचा हात स्टेशनच्या बटनावर गेला आणि तिनं ते उजवीकडं फिरवलं, पार टोकापर्यंत, आणि मग बोटभर मागं. खरखर. नुसती खरखर. तिनं माझ्याकडं तोंड वळवलं, म्हणजे, बघ.

"दुसऱ्या बाजूनं फिरव."

"दुसऱ्या बाजूनं कायले?" ती चिडली. "नागपूर चुलीकडं राहते. दाराकडं रायपूर. लग्न झालं तवापासून मले ठावं आहे."

मी चुलीकडं बघितलं. चूल उजव्या हाताला होती. आणि मग माझ्या डोक्यात ती जुनी भिंत आली. मी लहान असताना रेडिओ समोरच्या भिंतीवर असायचा, मातीच्या. तिथं तोंड करून उभं राहिलं की चूल डाव्या हाताला यायची, आणि डावीकडं फिरवलं की नागपूर लागायचं. त्या पोळ्याआधीच्या पावसाळ्यात ती भिंत बसली. बाबांनी रेडिओ या भिंतीवर आणला. चूल उजवीकडं आली. मायचा हात मात्र चुलीकडंच जात राहिला. तेव्हा तिचे डोळेही जायला लागले होते.

बाबांनी तिला सांगितलं नाही की बाजू बदलली. पेटी उघडली आणि वेढे उलटे घातले. नागपूर पुन्हा चुलीकडं आणून ठेवलं. तिला कळलंही नाही. मला विचारलं नाही, कारण मी नको म्हटलं असतं, वर शिकवलं असतं. आणि मी हसलो तेव्हा तिच्या देखत काय सांगणार होते? ती तिथंच पिठाचे हात घेऊन उभी होती.

मी तिला म्हणू शकलो असतो, माय, आता डावीकडं फिरवत जा. दोन दिवसांत सवय झाली असती, कदाचित. तोंडाशी आलंही होतं. मी पेटी खाली घेतली.

तीस वर्षं ज्या हातांनी दोरे बसवले त्यांना दोरा चुकीचा बसवता येईना. बोटं आपोआप सरळ वेढे घालायची. दोनदा बसवून काढला. तिसऱ्यांदा दांड्यावर बोट धरून मी मोठ्यानं म्हणत गेलो, उलटा, उलटा, उलटा, तेव्हा कुठं बसला. दुपारचे दोन वाजले असतील. रेडिओ फळीवर ठेवला आणि मायचा हात धरून बटनावर नेला.

तिनं चुलीकडं फिरवलं. टोकापर्यंत, आणि बोटभर मागं. नागपुरातली एक बाई धानावरच्या तुडतुड्याबद्दल सांगत होती. माय तशीच उभी राहिली, कान पुढं करून, बाईचं बोलणं संपेपर्यंत. मग पाटावर बसली आणि म्हणाली, "डब्यात काय आहे पाह्य."

मी डबा उघडला, ताटात भात वाढला. माझं तोंड रडून ओलं झालं होतं, बरंच. तिला ते दिसणार नव्हतं आणि रेडिओपुढं ऐकूही जाणार नव्हतं, म्हणून मी पुसलं नाही.

तिनं वरण कालवलं. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला.

"तू एवढं शिकून आला अन् तुले दोन डाव पेटी खोलावी लागली," ती म्हणाली. "तुझ्या बापाचा दोरा पाह्य, एका डावात बसला होता."

"हो माय," मी म्हटलं. "बाबाले येत होतं."