मोठ्या आईचं रक्त जुळलं नाही म्हणून

शिंगणापूरला जायचं तर शनिवार टाळा, असं मी सगळ्यांना सांगतो. या वेळी मात्र दर्शनाला निघालोच नव्हतो. माझा चुलतभाऊ संतोषदादा टेम्पो घेऊन गेला तो परतला नाही. पुढे कालव्यात एक बेवारस मृतदेह सापडला, डोक्यावर घाव असलेला. पोलिसांनी मोठ्या आईचं, म्हणजे माझ्या चुलतीचं रक्त डीएनए चाचणीसाठी घेतलं. जुळलं नाही. मृतदेह दादाचा नाही म्हणून घरात पेढे वाटले.

माझ्या आईनं मात्र पेढा तोंडात घातला नाही. दादाला जन्म तिनं दिलेला. मूल नसलेल्या जावेच्या ओटीत तिनं तो तान्हा असतानाच घातला आणि त्यावर पुन्हा कुणी बोललं नाही. मोठ्या आईनं काही लपवलं नव्हतं. पोलिसांनी दादाच्या आईला बोलावलं, म्हणून ती गेली.

पुण्याहून निघून संगमनेरला आईला गाडीत घेतलं. लोणीच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या फार, घाई करू नका. मी केली. बेलापूरला चहा-भजी घेतली, भजी छान होती म्हणे. मी मोबाईलमध्ये डोकं घालून बसलो होतो. ब्रिटनमध्ये अटक झालेल्यांचा डीएनए साठवतात. जर्मनीत त्यावर बंधनं जास्त. अमेरिकेत लांबच्या भावकीवरून खुनीसुद्धा शोधतात. आपल्याकडे असा देशभराचा साठाच नाही. ज्याचं रक्त नेऊन द्याल, त्याच्याशीच ताडून बघणार. चुकीचं रक्त गेलं की तपास तिथंच थांबला. मला एका जागी बसवेना.

शिंगणापुरात तेल विकणारे गाडीला आडवे येतात, काचा खाली करू नका. मोठ्या आईच्या घराला दार नाही, नुसता पडदा. रक्त जन्म देणारीचंच लागतं, हे आम्ही तिला सांगितलं. ती चपला घालून आमच्याआधी गाडीत जाऊन बसली.

नगरच्या पोलीस ठाण्यात हवालदारानं आईला विचारलं, "मयताच्या तुम्ही कोण?" आईनं मोठ्या आईकडे पाहिलं. इतकी वर्षं ती त्याला पुतण्याच म्हणत आली होती.

"आई लिवा," मोठी आई म्हणाली. "जल्म हिनं दिलाय."

परतीचा रस्ता कसा होता, मला आठवत नाही.

पुण्यात पोचल्यावर प्रत्येक फोन मी पहिल्याच रिंगला उचलायचो. बऱ्याच दिवसांनी पोलिसांचा फोन आला. रक्त जुळलं होतं. खुनाचा तपास आता नावानिशी सुरू होणार होता. मी लगेच संगमनेरला आईला कळवलं. ती रडेल असं वाटलं होतं.

"मला कशाला आदी सांगतो?" ती म्हणाली. "तिला फोन लाव. पोरगं तिचं हाय."