गाठकाकूंचा चौथा वेढा

जाळी सांधून सांधून हाताला घट्टे पडलेल्या त्या बाईला सगळं बंदर गाठकाकू म्हणायचं. त्यांनी मारलेली गाठ सुटल्याचं कोणी ऐकलं नव्हतं, आणि हे सांगायची संधी काकूंनी कधी दवडली नव्हती.

समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि बंदराचं धाबं दणाणलं. खांबांमधल्या पाण्यात होड्यांना शिरू द्यायचं की नाही, हे एका चाचणीवर ठरणार होतं. तिथे दोरांवर शिंपले वाढवायचे. वादळी दिवसांत दोर टिकले तर शिंपले आणि मासेमारी दोन्ही बंदराची, नाहीतर सगळा पट्टा बंद. दोर बांधायचे कोणी? दुसरं कोण?

महिन्याभरात निम्मे दोर शिंपल्यांसकट तळाला गेले.

"वहिनी, गाठ सुटली म्हणायची," दीर म्हणाला. पवनचक्क्यांआधी त्याची होडी रोज त्याच पाण्यात जायची, त्यामुळे जिभेला धार होती.

"सुटली," काकू म्हणाल्या.

मग त्यांनी एका बादलीत जुना सुती दोर आणि चाचणीचा नवा नायलॉनचा दोर, दोन्ही गाठी मारून भिजत घातले. सकाळी सुती दोर फुगून आवळला होता. नायलॉन नुसता बुळबुळीत. म्हणजे चाळीस वर्षं निम्मं काम पाणी करत होतं आणि शाबासकी काकू घेत होत्या.

काकू थेट चाचणी घेणाऱ्या इंजिनिअरबाईंपुढे उभ्या राहिल्या. "चूक माझी. दोर फुगेल म्हणून मी गाठ सैल ठेवली. एकदा परत बांधू द्या."

"लोखंडी क्लिपा लावू या का, काकू?"

"लावा की. गंजल्या म्हणजे मला बोलवा."

बाई हसल्या आणि एक संधी दिली.

या वेळी काकूंनी दोर आधी भिजवले, म्हणजे बुळबुळीतपणा बांधतानाच हाताला कळेल, तीनऐवजी चार वेढे दिले आणि पायाने रेटून प्रत्येक गाठ आवळली. पुढे दोरांवर शिंपले धरले आणि मग नऊ दिवस वादळ घोंघावलं. दहाव्या दिवशी इंजिनिअरबाईंनी पाण्यातून दोर एकेक करून वर काढले. एकही हलला नव्हता, आणि शिंपले लोंबत होते द्राक्षांच्या घडांसारखे.

पट्टा मोकळा झाला. आज बंदरावरच्या शेडमध्ये चौदा बायका दोर बांधतात, घरं चालवतात. परवा दीरही येऊन बसला. होडीवर गाठ मारता यायला हवी म्हणाला. त्याने मारलेली पहिली गाठ काकूंनी एका बोटाने सोडवली.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "परत."