ठिपक्यांची रेघ

कासमभाई गेल्याचे मला वाशीच्या घाऊक बाजारात, कांद्याच्या गाळ्यासमोर कळले. सांगणारा माझा जुना विद्यार्थी होता; सध्या तो पावणे औद्योगिक वसाहतीतील एका रंगाच्या कारखान्यात असतो. “बाई, आपल्या लॅबचे कासमभाई गेले. मागच्या आठवड्यात. हार्ट अटॅक.” थोडे थांबून तो हसला. “आठवतं ना, तुम्हाला शिकवायला निघाले होते? आम्ही तर भेटले की चिडवायचो, ‘काय कासमसर, आज काय उकळलं?’” त्याला मी तेथेच अडवायला हवे होते. “फार वाईट झालं,” एवढे म्हणून मी पिशवी उचलली... त्याला आता काही आठवडे झाले. तेथे जे बोलले नाही, ते येथे क्रमाने लिहीत आहे.

कासमभाई आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे परिचर. मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे. घरची पोफळीची बाग भावाकडे सोपवून नोकरीसाठी इकडे आलेले. शिक्षण सातवीपर्यंत. परंतु माझा तास सुरू झाला की धुतलेल्या परीक्षानळ्या फडक्याने पुसत ते दारात उभे राहत आणि ऐकत. विद्यार्थी एक पाठ एकदाच ऐकतात. कासमभाईंनी तो दरवर्षी ऐकला होता.

नव्वदीच्या दशकाचा आरंभ असेल. रासायनिक बंधांचा पाठ होता आणि मागच्या बाकावर तासाची पाहणी करण्यासाठी पर्यवेक्षक बसले होते. फळ्यावर मी पाण्याचे दोन रेणू काढले. रेणूच्या आत ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांना धरून ठेवणारा बंध आपण भरीव रेघेने दाखवतो. एका रेणूला शेजारच्या रेणूकडे ओढणारा, त्या मानाने दुबळा बंध ठिपक्यांच्या रेघेने. पाणी उकळते तेव्हा ठिपक्यांचा बंध तुटतो, भरीव बंध तसाच राहतो. हे मला उत्तम ठाऊक होते. तरीही “उष्णता दिली की हा बंध तुटतो,” असे म्हणत मी डस्टर फिरवला तो भरीव रेघेवरून. दारातून आवाज आला, “बाई, ती नाय... ठिपक्यांची पुसा. ती पुसली तर पानीच राहनार नाय!” वर्ग खदखदून हसला. माझे कान तापले. “कासमभाई, शिकवायचं मी बघते. तुम्ही नळ्या धुवा.” “बरं, बाई,” म्हणून त्यांनी जाताना दार हलकेच ओढून घेतले. आकृती तशीच ठेवून मी पुढचा मुद्दा सांगू लागले, आणि मुलांनी माझी चूक वहीत उतरवून घेतली.

आठ दिवसांनी त्यांनी माझ्या टेबलावर एक प्रतिकृती आणून ठेवली. बागेतल्या सुपाऱ्या हा ऑक्सिजन, भिजवून टोचलेले काबुली चणे हा हायड्रोजन. रेणूच्या आतले बंध तांब्याच्या तारेचे, रेणूरेणूंमधले लाल दोऱ्याचे. “बघा बरं बाई, बरोबर हाय का?” मी कोनमापक लावून पाहिला, कोनसुद्धा चुकला नव्हता. “चहाच्या झाकनाला परत पानीच लागतं ना? गॅस थोडीच लागतो!” ते हसले. माझ्या चुकीचा त्यांनी उच्चारही केला नाही. ती मला वर्गात सुधारता यावी म्हणून साधन तेवढे करून आणले होते. मी काय म्हणाले? “छान आहे. कपाटात ठेवा.”

पुढच्या प्रत्येक तुकडीला मी हा पाठ अचूक शिकवला. त्या तुकडीला मात्र काही सांगितले नाही, आणि कासमभाई पुन्हा दारात उभे राहिले नाहीत. निवृत्त होईपर्यंत साहित्य आणून ठेवत, दार ओढून घेत, जात.

त्या वर्गातील कोणी हे वाचत असेल आणि ती वही अजून जवळ असेल, तर कृपया उघडावी. भरीव रेघ पुन्हा काढावी, ठिपक्यांची पुसावी आणि समासात लिहावे : दुरुस्ती, कासमभाई. ते बरोबर होते. चूक माझी होती.

प्रतिकृती मी कपाटातून काढली. चण्यांना कीड लागली आहे, दोरा विटला आहे. सुपाऱ्या शाबूत आहेत. परवा ती टेबलावर ठेवून हाच पाठ शिकवला. दार मुद्दाम उघडे ठेवले होते. ठिपक्यांची रेघ पुसण्यापूर्वी हात थांबला आणि मी दाराकडे पाहिले... मुलांनीही माना वळवल्या. तेथे कोणीच नव्हते.